पाचवा आला की गप्प

केरूनाना बोलता बोलता मधेच बंद व्हायचा. हळूहळू नाही, एकदम. शब्द अर्धा बाहेर, अर्धा तोंडात. एकदा बाजारात एक जण बैल घेत होता. केरूनानाला जनावरातलं कळतं म्हणून त्याला विचारलं. केरूनाना म्हणाला, "बैल बरा हाय, पन डाव्या शिंगापाशी एक..." आणि तोंड मिटलं. घेणारा घाबरला. डाव्या शिंगापाशी काय? गळू आहे? भोवरा आहे? केरूनाना नुसती पाच बोटं दाखवतो. घेणाऱ्याला वाटलं, पाच भोवरे आहेत. तो सगळं शिंग चाचपून थकला. शेवटी बघ्यांतला एक जण कंटाळून निघून गेला, आणि तो वळतो न वळतो तोच केरूनाना म्हणाला, "...भवरा हाय. खोडीचा हाय, घिऊ नका."

पाच बोटांचा अर्थ असा, की स्वतःला धरून पाच माणसं झाली, आता बोलता येत नाही. चारापर्यंत केरूनाना बोलणार, पाचवा आला की गप्प. आमच्या सगळ्या भिंगार गावात हे ठाऊक झालं होतं. ज्यांना त्याचं बोलणं नको असे ते रस्त्यावरच्या कुणालाही हाक मारून पाचवा करून घेत. कडेवरचं पोर माणसात धरायचं की नाही, याचा खुलासा मागायला त्यानं आपल्या पक्षाला पत्र धाडलं होतं. उत्तर येईपर्यंत तो पोराला अर्धा माणूस धरायचा. साडेचार माणसांत तो बोलायचा, पण हळू आवाजात.

हे खूळ त्याला कसं लागलं ते सांगतो. मी मिशनच्या शाळेत तिसरीपर्यंत शिकलो, पुढं सगळा जन्म देवळाची झाडलोट केली आणि घंटा वाजवली. आम्ही ख्रिस्ती आमच्या प्रार्थनेच्या जागेला देऊळच म्हणतो. राजकारण मला तेव्हाही उमजत नव्हतं, आजही उमजत नाही. केरूनाना उमजला का, तेही सांगता येत नाही. पण जे डोळ्यांनी बघितलं ते बघितलं.

केरूनानाचं बाजारात कल्हईचं दुकान. दुकान म्हणजे एक भाता, एक खड्डा आणि नवसागराचा धूर. त्या धुरात पांढरी टोपी घालून बसायचा, आणि टोपी कधी काळी झालेली मी बघितली नाही. दिवसा भांडी पांढरी करायची आणि संध्याकाळी टोपी धुवायची. पक्षाचा जुना माणूस. तुरुंगातही जाऊन आलेला. पक्षानं सांगितलं आणि केरूनानानं केलं नाही, असं एक काम दाखवा.

एकदा पक्षानं हुकूम काढला की सरकारी नोकऱ्यांचे राजीनामे द्या. आता केरूनानाला नोकरीच नव्हती. दुसरा असता तर घरी बसला असता. हा कँटोनमेंटच्या कचेरीत गेला आणि दिवेवाल्याची नोकरी मागून घेतली. एक संध्याकाळ रस्त्यावरचे दिवे लावले, आणि सकाळी लेखी राजीनामा देऊन पोच घेतली. ती पोच काचेत घालून दुकानात टांगली होती, आमच्याकडं तारणाऱ्याचं चित्र टांगतात तशी. येईल त्या गिऱ्हाईकाला सांगायचा, "राजीनामा लेखी पायजे. तोंडी राजीनामा म्हंजी नुस्ता राग."

लग्न केलं नाही. तरुणपणी त्यानं पक्षाच्या सभेत शपथ घेतली होती की देश मोकळा झाल्याशिवाय बोहल्यावर चढणार नाही. देश मोकळा झाला तेव्हा केरूनाना पन्नाशीला आला होता. मी म्हटलं, "नाना, आता कर."

"पक्षाचं पत्र आलं न्हाई."

"कसलं पत्र?"

"शपथ सुटली म्हनून."

चेष्टा करतो की खरं सांगतो, ते त्याच्या तोंडावरून कधी कळायचं नाही.

संध्याकाळी दुकान बंद करून तो आमच्या ओट्यावर यायचा. देवळाच्या फाटकाला लागून आमची खोली. मी ओट्यावर, तो खांबाला टेकून, आणि माझी सगुणा उंबरठ्यावर तांदूळ निवडत. तो मोजायचा, "एक, दोन, तीन. कोरम भरला." तीन माणसांशिवाय सभा नाही, हा त्याचा नेम. मग घसा साफ करून म्हणायचा, "वैनी, च्याचा ठराव मांडतो."

सगुणा मान वर न करता म्हणायची, "नामंजूर. साखर न्हाई."

साखर आधी महाग, पुढं रेशनवर. आठवड्याची साखर तीन दिवसांत संपायची.

"उपसूचना. गुळाचा चालंल."

"मग अनुमोदन," म्हणायची आणि उठायची. रोज हेच. पंधरा वर्षं तरी हेच. मी म्हणायचो, सरळ चहा माग ना भल्या माणसा. तो म्हणायचा, "मागून मिळाला तर भीक झाली, शिमोनभाऊ. ठरावानं मिळाला तर हक्क." सगुणा आतून हसायची. चार बुकं ती माझ्यापेक्षा जास्त शिकलेली होती, म्हणून तिला ते कळत असेल.

देश मोकळा झाला त्या दिवशी पाळकसाहेबांनी सांगितलं म्हणून मी घंटा बडवली, हात सुजेपर्यंत. पण पुढं काही महिन्यांत बाजाराची हवा फिरली. कुठं कुठं काय काय झालं त्याच्या बातम्या यायच्या. रहिमान पाववाल्याच्या भट्टीसमोरून लोक मान वळवून जायला लागले. एक जण मला भर बाजारात म्हणाला, "काय शिमोन, तुझे गोरे साहेब निघाले. तू कधी निघतोस बोटीनं?" मी म्हटलं, "माझा बाप करजतचा, आजा करजतचा. बोट करजतला लागत असंल तर सांग, जाऊन येतो." तो हसला. मी घरी आलो आणि रात्रभर मला हसू आलं नाही.

त्यातच पक्षाच्या अध्यक्षाची सभा झाली. अध्यक्ष देवळालीकडचा, उसाचा बडा बागाईतदार. नगरात राहायचा. आवाज मोठा. म्हणाला, "हा देश आमचा आहे! ज्यांचे देव बाहेरचे, त्यांनी आपलं मन कुठं आहे ते एकदा तपासून पाहावं."

मी खरंच तपासून पाहिलं. माझं मन त्या वेळी घरी चुलीवर ठेवलेल्या हरभऱ्यात होतं. ते देशात धरायचं का देशाबाहेर, मला कळेना.

तेवढ्यात केरूनाना उठला. हात वर.

"अध्यक्ष म्हाराज, उपसूचना हाय."

"भाषणाला उपसूचना नसते, केरूनाना."

"ठरावाला असती. तुमी बोलला ते ठरावावानीच हाय. 'हा देश आमचा', ह्यात 'आमचा'च्या फुडं कोन कोन ते लिवावं. मागनं भांडान नको. पयलं नाव सगुणा शिमोन, ऱ्हानार देवळाच्या फाटकाजवळ. दुसरं नाव शिमोन, ऱ्हानार तितंच. तिसरं नाव रहिमान पाववाला..."

लोक हसायला लागले. अध्यक्षही हसला. म्हणाला, "बरं, अनुमोदन कोण देतो?"

सभा गार. एवढी माणसं, पण कुणाच्या घशातून आवाज नाही. माझ्याही नाही, खोटं कशाला बोलू. मग बायकांच्या बाजूनं कुणीतरी उभं राहिलं आणि मोठ्यानं म्हणालं, "अनुमोदन!" बघतो तर आमची सगुणा. पदर नीट करत, ताठ.

अध्यक्षानं विचारलं, "बाई पक्षाच्या सभासद आहेत का?"

उत्तर कुणी द्यावं? केरूनानानंच. "न्हाई, अध्यक्ष म्हाराज. सभासद न्हाईत. अनुमोदन बाद धरावं." आणि खाली बसला.

सगुणा आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. "जन्मात पयल्यांदा चारचौघांत उभी ऱ्हायले, आन् भावजींनीच मला बसवलं!" केरूनाना ओट्यावर यायचा, कोरम मोजायचा, ठराव मांडायचा. उंबरठ्यावरून तांदळाचे खडे तेवढे जोरात पडायचे. नवव्या दिवशी तिनंच चहा आणला आणि म्हणाली, "तुमचा नेम मोडायचा कवा, ते तरी नेमात लिवलंय का?" केरूनाना म्हणाला, "बगून सांगतो."

पंधरा दिवसांनी पक्षाचं पत्र आलं. शिस्तभंग झाला, सबब एक वर्ष जाहीर सभेत बोलू नये. बोलल्यास नाव कमी करण्यात येईल. केरूनाना पत्र घेऊन चिटणिसाकडं गेला आणि विचारलं, जाहीर सभा कशाला म्हणायचं? चिटणीस जेवत होता. वैतागून म्हणाला, "पाच माणसं जमली की सभा! जा आता."

त्या दिवसापासून पाचवा आला की गप्प.

मला राग यायचा. मी तोंडाचा फटकळ माणूस. म्हटलं, "नाना, तुला खरं बोलला म्हणून गप्प केलं. सोड तो पक्ष."

"अध्यक्ष चुकला, शिमोनभाऊ. पक्ष न्हाई चुकला."

"पक्ष म्हणजे कोण मग?"

"पक्ष म्हंजी आपन."

"मग तुला गप्प कुणी केलं?"

त्यानं डोक्यावरची टोपी नीट केली. मग म्हणाला, "आपनच की."

"हे तुला तरी कळतंय का?"

"न्हाई," तो म्हणाला. "पन एकेकानं आपल्या मनानं बोलायचं म्हटलं तर पक्ष ऱ्हात न्हाई. आन् कुनीच बोलायचं न्हाई म्हटलं तरी ऱ्हात न्हाई. मधी कुटंतरी हाय ते. घावंल." सगुणा म्हणाली, "घावंस्तवर च्या घ्या."

ते वर्ष संपत आलं तशी सगुणा पडली. आधी खोकला, मग ताप, मग उठता येईना. मिशनच्या डाक्टरीणबाईनं छाती तपासली आणि मला बाहेर नेऊन जे सांगायचं ते सांगितलं. केरूनाना रोज यायचा. उंबरठा रिकामा म्हणून तो आत, तिच्या खाटेजवळ येऊन कोरम मोजायचा. एक दिवस ती त्याला म्हणाली, "भावजी, माझ्या मातीला तुमी बोला. ह्यांना काय बोलता येत न्हाई. नुस्ती घंटा वाजवत्यात."

केरूनाना म्हणाला, "वैनी, मातीला पाचाच्या वर मानसं असत्यात."

"तुमचं वरीस सरायला किती दिस ऱ्हायले?"

"एकवीस."

ती जरा हसली. "मग मी काढते एकवीस दिस. तुमचा नेम ऱ्हाईल, माझं बी काम हुईल."

तिचा शब्द कधी खाली पडला नव्हता. एवढाच पडला. नवव्या दिवशी गेली, पहाटे.

आमच्यात मातीला उशीर करत नाहीत. दुपारी नेमलं. केरूनाना आला, तिच्याकडं एकदा बघितलं आणि एक अक्षर न बोलता सायकल काढून नगरला गेला, परवानगी आणायला. मी म्हटलं, आणील. तिनं सांगितलं आहे म्हणजे आणील. दुसरं कोण बोलणार? पाळकसाहेब नवे, त्यांनी तिला तीन महिने बघितलेलं. आणि मला तर घंटेपलीकडं काही येत नाही.

घंटा मीच वाजवली. वयाइतके ठोके द्यायची आमची रीत. चाळीस वर्षं संसार केला, पण तिचं नक्की वय मला ठाऊक नव्हतं. पंचावन्नाला थांबलो. मग वाटलं कमी झाले, आणखी दोन दिले. अजूनही वाटतं चुकलं.

आम्ही कबरस्तानात पोचलो तेव्हा केरूनाना फाटकाशी सायकल धरून उभा. घामानं निथळत होता.

"मिळाली?" मी विचारलं.

"अध्यक्ष करजतला गेलेत दौऱ्यावर. चिटनीस म्हनला, अर्ज ठिवून जा."

"मग?"

"ठिवला."

मला काय झालं मलाच कळलं नाही. मी त्याला तिथंच शिवी दिली. म्हटलं, "ठेव तुझा अर्ज त्यांच्या..." पुढचं लिहीत नाही, कबरस्तानाची जागा होती.

चाळीस-पन्नास माणसं होती. आमच्यातली, बाजारातली. रहिमान भट्टी बंद करून आला होता. थोड्या वेळानं पक्षाचा चिटणीसही सायकलवरून आला. केरूनानाच्या मागोमाग निघाला असावा. माणूस वाईट नव्हता, कडेला टोपी हातात घेऊन उभा राहिला. पेटी खाली गेली. पाळकसाहेबांनी विचारलं, "बहिणीविषयी कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत का?"

केरूनानाचा हात वर.

पाळकसाहेब म्हणाले, "बोला."

तो बोलेना. डोळ्यांनी मोजत होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकेक माणूस. कडेवरचं एक पोर होतं, त्याच्यापाशी अडला, मग पुढं गेला. लोक चुळबुळायला लागले. मग त्यानं डोक्यावरची टोपी काढली. त्याचं उघडं डोकं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. टक्कल पडलेलं, मधोमध टोपीची रेघ. माझ्याजवळ आला आणि टोपी माझ्या हातात दिली. चिटणिसाकडं वळून म्हणाला, "राजीनामा दिला. ऐकलं का? आता मी कुनाचा न्हाई. आता बोलतो."

आणि बोलला. मला वाटलं होतं, ती कशी चहा करायची, कशी हसायची, असं काही बोलेल. तो म्हणाला, "मांगच्या साली एक उपसूचना ऱ्हायली हुती. ती फिरून मांडतो. हा देश आमचा, ह्यात 'आमचा'च्या फुडं पयलं नाव, सगुणा शिमोन." एवढ्यावर थांबला. खाली खड्ड्याकडं बघून म्हणाला, "ऱ्हानार हितंच." मग मान वर केली. "अनुमोदन कोन देतं?"

कुणाला काय कळणार? लोकांना वाटलं, दुःखानं माणूस भ्रमला. तो एकेकाकडं बघत माझ्यावर येऊन थांबला. माझ्या एका मुठीत माती, दुसऱ्या हातात त्याची टोपी. तो शब्द मला ठाऊक होता. पंधरा वर्षं रोज संध्याकाळी ऐकलेला. पण तोंडातून येईना. वाटलं, हा तिचा शब्द आहे, आपण कसा काढायचा? मी नुसता उभा. पाळकसाहेबांना वाटलं संपलं. ते "आमेन" म्हणाले आणि मंडळींनी गीत धरलं. केरूनाना हळूच मागं सरकला.

महिन्याभरानं पक्षाचं पत्र आलं. त्यानं मला वाचून दाखवलं, कारण तेव्हा आम्ही दोघंच होतो. राजीनामा तोंडी असल्याने मंजूर करता येत नाही. सबब सदर इसम त्या वेळी सभासदच होता. सबब शिस्तभंग झाला. सबब नाव कमी करण्यात येत आहे.

मी म्हटलं, "हे काय रे? काढायचं तर काढायचं, एवढं लांबून कशाला?"

"बरोबर हाय त्यांचं," केरूनाना म्हणाला. "राजीनामा लेखी पायजे हुता. माज्या ध्यानातच ऱ्हायलं न्हाई." दुकानातली काचेतली पोच त्यानं दुसऱ्या दिवशी उतरवली.

आता त्याला कुणाचं बंधन नाही. पाच असोत, पन्नास असोत, बोलायला मोकळा. पण पाचवा आला की अजून थांबतो. मी म्हटलं, आता कुणी गप्प केलं? म्हणतो, सवय. टोपी माझ्याकडंच खुंटीला आहे. मी परत देत नाही, तो मागत नाही.

ओट्यावर मात्र रोज येतो. खांबाला टेकून बसतो. पण सहा महिने त्यानं चहा मागितला नाही, मीही विचारला नाही. दोघं बसायचो, पलटणीचा बिगूल वाजला की उठायचो. एक दिवस मी म्हटलं, "नाना, बोलत का नाहीस? दोघंच तर आहोत."

"म्हनूनच. कोरम न्हाई."

मी एकदम म्हटलं, "अनुमोदन."

तो दचकला. "कशाला?"

"त्या दिवसाच्याला. मातीच्या वेळच्या उपसूचनेला."

त्यानं माझ्याकडं बघितलं. डोळे नवसागराच्या धुरानं भरतात तसे भरले होते, पण दुकान तर बंद होतं. "वेळ गेली, शिमोनभाऊ," तो म्हणाला. "अनुमोदन जाग्यावर द्यावं लागतं. आता फिरून मांडावी लागंल."

"मांड मग."

"आन् कोरम?"

मग त्यानं बोट उचललं. स्वतःच्या छातीला लावलं. "एक." माझ्याकडं केलं. "दोन." मग ते बोट हळूहळू उंबरठ्याकडं गेलं आणि तिथंच राहिलं. तिथं तांदूळ निवडायचं रिकामं सूप भिंतीला टेकलेलं होतं, तिनं ठेवलं होतं तसंच.

"तीन," केरूनाना म्हणाला. घसा साफ केला. "पयला ठराव च्याचा."

डब्यात साखर नव्हती. गुळाचा खडा होता. मी उठलो.